पट्टा कुठाय?

फेब्रुवारीत आत्येभावाचा फोन आला, म्हणाला अक्का, घर पाडायलाव. मी म्हटलं कुठलं घर, तर म्हणे आपलं, गावातलं, दुसरं कुठलं असणार. मग व्हॉट्सॅपवर नकाशा आला. खाली रस्त्याच्या बाजूला दोन शटर, त्यासाठी पुढं चार पिलर, मागचं किचन आणि हॉल नुसत्या विटांच्या भिंतींवर, वर स्लॅब आणि पुढंमागं जमलं तर अजून एक मजला. जोडीला इंटरनेटवरून घेतलेला एक रंगीत फोटो, पुढून असं दिसायला पाहिजे म्हणून. छानच होता फोटो. त्याचा आनंद आवाजात कळत होता आणि मला खरंच बरं वाटलं, कारण त्या घरात पाऊस आला की चार ठिकाणी पातेली ठेवावी लागतात हे मी पण बघितलंय.

आत्याला दाखवलास का नकाशा, असं विचारलं तर म्हणाला दाखवला की, चष्मा लावून दहा मिनिटं बघत बसली आणि एकच विचारलं, "पट्टा कुठाय?"

त्याला पट्टा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. चौतीस वर्षांचा आहे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तीन वर्षांचा होता. ज्या घरात तो वाढला, ज्या भिंतीला पाठ लावून अभ्यास केला, त्या भिंतीवर दारा-खिडक्यांच्या वरून सगळीकडून फिरणारी सिमेंटची एक पट्टी आहे, आणि भिंतभर अंतरा-अंतरावर गोल सिमेंटच्या टिकल्या आहेत, कुंकवाच्या असाव्यात तशा. लहानपणी आम्ही सुट्टीत त्या मोजायचो, एका खोलीत किती, दुसऱ्या खोलीत किती. त्या टिकल्या कशाच्या आहेत हे त्यानं कधी विचारलं नाही आणि आम्ही पण कुणी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला ह्याच गोष्टीचं जास्त वाईट वाटत राहिलं.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आता धाराशिव. किल्लारीपासून लांब नाही. १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं, उशिरापर्यंत गावात लेझीम चालू होतं, मोठी माणसं दमून आली आणि आपापल्या घरात झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. वेळ नंतर कळली. तेव्हा मला कळला तो आवाज, रस्त्यानं एकामागं एक मालट्रक जावेत आणि ते थेट घरातच घुसावेत तसा, आणि आजीनं दंडाला धरून मला अंगणात ओढलं ते. डोळ्यात, तोंडात, नाकात माती. मला त्या रात्रीचा सगळ्यात जास्त आठवतो तो वास. माळवदावरची, म्हणजे घराच्या धाब्यावरची माती कित्येक वर्षं तिथं पडून असते, तिला जुना, कोंदट, कोरडा वास असतो, आणि तो सगळ्या गावावर एकदम पसरला होता. अजूनही कुठं जुना वाडा पाडत असले की मी रस्ता बदलते.

आमच्या गावात भिंती फाटल्या, कोपरे उघडले, काही घरांच्या भिंतींचे बाहेरचे पाख, म्हणजे बाहेरच्या बाजूचा दगड, गळून पडले. माणसं वाचली. सकाळी रेडिओवर किल्लारी, सास्तूर अशी नावं यायला लागली, ती आमच्या सोयरीकीची गावं. वडील आणि चुलते सास्तूरकडं गेले. नंतर पाऊस पण लागला, ढिगाऱ्यावर चिखल झाला. वडील दोन दिवसांनी परत आले, आंघोळ केली आणि जेवायला बसले नाहीत. काय बघितलं ते त्यांनी आम्हाला पुढं कधीच सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही.

जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ रिश्टरचा होता. आता मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवते आणि दरवर्षी नववीच्या वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिते, त्याच्याच शेजारी दुसरा एक लिहिते. १७ ऑक्टोबर १९८९, कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, ६.९ रिश्टर. आपल्यापेक्षा ०.७ नं जास्त, म्हणजे ऊर्जा दहापटीहून अधिक. मेलेली माणसं ६३. मुलं म्हणतात मॅडम, तिथं संध्याकाळ होती, लोक जागे होते. बरोबर आहे, वेळेचा फरक पडतोच. पण जागं असण्यानं एवढा फरक पडत नाही. मग मी त्यांना भिंतीचं चित्र काढून दाखवते.

आमच्याकडची भिंत म्हणजे दोन-अडीच फूट जाड, कुठं कुठं तर तीन फुटांवर. बाहेरून काळा दगड, आतून काळा दगड, आणि मधल्या पोकळीत खडी, कपच्या आणि माती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही एक भिंत आहे. त्या असतात दोन, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या, आणि एकमेकींचा हात धरलेला नसतो. उन्हाळ्यात आत गार, चोराला फोडता येत नाही, आणि जेवढी जाड तेवढी त्या घराची पत. आमच्या आजोबांना सोयऱ्यांना घर दाखवताना खिडकीत बसायला लावायची हौस होती, म्हणजे भिंतीची जाडी कळते. जमीन आडवी हलली की ह्या दोन भिंती एकीकडं एक अशा सुटतात, मधली खडी खाली बसते आणि पाचरीसारखी दोघींना अजून फाकवते.

आणि वर माळवद. खांब, तुळया, त्यावर लाकडी काटक्या-फळ्यांची किलचण, त्यावर पाला आणि त्यावर माती. गळायला लागलं की दरवर्षी वर अजून पांढऱ्या मातीचा थर. काढत कुणी नाही, घालतात सगळे. तीस-चाळीस वर्षांत दीड-दोन फूट माती होते. एकदा मी वर्गात हिशोब केला, दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, म्हणजे सहा-सात टन. एक मालट्रक भरून माती डोक्यावर, खाली अंथरुणं आणि अंथरुणांत मुलं. वर्गात हा हिशोब केला की एक मिनिट कुणीच बोलत नाही.

किल्लारी भागात बऱ्याच ठिकाणी लाकडाचे खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती त्यांच्या अंगावरून गळून पडल्या, आत झोपलेल्यांवर. आणि एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती अशी की ज्यांची घरं कुडाची होती, वर गवत किंवा पाचट, त्यांच्यातले बरेच वाचले. ज्यांच्याकडं दगड घ्यायला पैसे नव्हते ते. सगळ्यात भक्कम दिसणाऱ्या वाड्यांनी सगळ्यात जास्त माणसं खाल्ली. म्हणून गरीब देशांत माणसं का मरतात ह्याला "गरिबी" असं एका शब्दात उत्तर द्यायला मी कचरते. पैसा आला की आपण दगड आणला, अजून पैसा आला की स्लॅब आणला. वस्तू आली पण ती कशी जोडायची हे ज्ञान तिच्याबरोबर आलं नाही. मला वाटतं विकसनशील ह्या शब्दाचा सगळ्यात धोकादायक काळ तोच, कूड सोडून दिलेला असतो आणि नीट बांधायचं अजून आलेलं नसतं.

आजी म्हणायची धरणीमाय कोपली. मी तिला कधी उलटून बोलले नाही, एवढं बघितल्यावर माणसाला कुठंतरी टेकायला जागा लागते. पण इशारे तर मिळाले होते. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या भागात छोटे धक्के बसत होते, ऑक्टोबरात एक जोराचा बसला, लोक घाबरून बाहेर झोपायला लागले. मग धक्के कमी झाले, थंडी पडली, शेतीची कामं आली, लोक घरात परत आले. कुठं जाणार होते? नकाशावर तर मराठवाडा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमधे होता. आधी १९६७ ला कोयनेचा झाला होता तरी तो सह्याद्रीतला, धरणाच्या जवळचा. आपल्या काळ्या दगडाच्या पठाराला काही होत नाही असंच सगळे धरून चालले होते. पुढं २००२ मधे तो झोन एकच नकाशावरून काढून टाकला, म्हणजे देशात भूकंपाच्या बाबतीत निर्धास्त अशी जागाच ठेवली नाही, आणि किल्लारीचा भाग झोन तीनमधे गेला. दहा हजार माणसं गेल्यावर एक रंग बदलला. मला हे लिहितानाही त्रास होतो.

नंतरची दोन-तीन वर्षं पत्र्यात गेली. उन्हाळ्यात पत्रा, पावसाळ्यात पत्रा, रात्री कुत्रं जरी जोरात भुंकलं तरी सगळे उठून बसायचे. सरकारनं वर्ल्ड बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम काढला, गावांचे वर्ग केले. जी पार गेली ती पन्नासेक गावं दुसरीकडं नव्यानं वसवली, काही जागेवरच परत बांधली, आणि बाकीची दोन हजारांवर गावं आमच्यासारखी, उभी पण फुटलेली, त्यांना "दुरुस्ती आणि मजबुतीकरण".

नवी गावं मी नंतर बघितली. चौकोनी आखलेली, रुंद रस्ते, एकसारखी घरं, जमीन किती त्यावर घराचा साईज. घरं मजबूत आहेत आणि त्यासाठी अनेकांनी जिवाचं रान केलं, ते मला अजिबात कमी लेखायचं नाही. पण बायका सांगायच्या की शेत लांब पडलं, दारातली बसायची ढाळज नाही, गुरं बांधायला जागा नाही, शेजारीण हाकेच्या अंतरावर नाही. मग काही वर्षांत घरापुढं पत्र्याची शेड, मागं दगड रचून भिंत, काही ठिकाणी तर जुन्याच गावातला दगड उचलून आणून मातीत रचलेली भिंत. घर दिलं पण ते घर असं का आहे हे त्या घरातल्या माणसाला कुणी बरोबर बसून सांगितलं नाही, तर तो पुढची भिंत त्याच्या आजोबांनी बांधली तशीच बांधणार. दुसरं काय करेल?

आत्याची गोष्ट इथं सुरू होते.

दुरुस्ती आणि मजबुतीकरणात पैसे घरमालकाला हप्त्याहप्त्यानं मिळायचे आणि काम त्यानंच करून घ्यायचं होतं. दोन लाखांच्या आसपास घरं, इंजिनिअर मोजके. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग नावाची संस्था, प्रेमा गोपालन यांची, त्यांनी गावोगावच्या महिला मंडळातल्या बायकांना पुढं केलं. हजाराहून जास्त गावांत "संवाद सहायक" नेमले गेले, सरकार आणि गाव यांच्या मधे बोलणाऱ्या बायका. आमच्या गावात आत्या. सातवी शिकलेली, डोक्यावरचा पदर कधी खाली न पडलेली, नवऱ्यासमोर खुर्चीत न बसणारी. तिला ट्रेनिंगला पाठवायचं की नाही ह्यावर घरात चार दिवस बोलणं बंद होतं. शेवटी आजी म्हणाली, घरात दिवसभर कोण असतंय, पुरुष का बाया? भिंत पडली तर कुणावर पडंल? जाऊ द्या तिला.

परत आल्यावर आत्यानं आम्हा पोरांना पुढं बसवून शिकवलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. काड्यापेटीच्या चार भिंती कापून उभ्या केल्या आणि खालची पाटी हलवली, पडल्या. मग परत उभ्या केल्या आणि वरून सगळीकडून दोरा गुंडाळून गाठ मारली, पाटी हलवली, हलल्या पण पडल्या नाहीत. हा पट्टा, म्हणाली. चारी भिंतींनी एकमेकींची कंबर धरायची. मग दोन पुस्तकं उभी धरली, शेजारी शेजारी, सोडली तर दोन बाजूंना पडली. त्यातनं आरपार सुई-दोरा गेला असता तर? तो दोरा म्हणजे भिंतीतला आरपार दगड. नवी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर एक लांब दगड असा टाकायचा की त्याचं एक तोंड आत आणि एक बाहेर. जुनी असेल तर हळूच दोन-तीन दगड काढून भोक करायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. त्याच आमच्या टिकल्या. तिसरं, माळवदावरची माती उतरवायची, वीतभर ठेवायची, बाकी खाली. आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू.

एवढंच आहे हो. ह्यात परदेशातनं आणायचं काय होतं? सळई, थोडं सिमेंट, एक लांब दगड, आणि माती खाली टाकायला चार माणसं. हे किल्लारीच्या आधी कुणालाच माहीत नव्हतं असं नाही, इंजिनिअर लोकांना माहीत होतं, कागदावर होतं. ते किल्लारीतल्या गवंड्यापर्यंत, आणि त्या गवंड्याला चहा देणाऱ्या बाईपर्यंत आलं नव्हतं.

गावातलं काम सोपं नव्हतं. एकदा एका घरात मिस्त्रीनं भिंतीत आरपार भोक न करता बाहेरून आणि आतून नुसत्या सिमेंटच्या टिकल्या लावल्या, वरून दिसायला सारख्याच, आणि तपासणीला आलेला माणूस त्यावर सही करून हप्ता सोडायला निघाला. आत्या म्हणाली साहेब, थांबा, आणि घरातनं बत्ता आणून टिकलीवर ठोकली, ती गळून पडली. सगळ्यांसमोर. त्या घरातले सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत, हप्ता अडला म्हणून. नंतर तेच घर परत नीट करून घेतलं. आजही त्या घरातली म्हातारी संक्रांतीला आत्याकडं पहिल्यांदा येते.

२००१ च्या २६ जानेवारीला कच्छमधे भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडं गेल्या, तिथल्या बायकांशी बोलायला, घर कसं बांधायचं, साहेबाला काय विचारायचं, हप्ता कधी अडवायचा. आत्याला जाता आलं नाही, मुलीचं लग्न होतं. ती रुखरुख तिला अजून आहे.

मी शिकवायला लागल्यावर मुद्दाम दुसरीकडचं शोधून वाचत गेले आणि सगळीकडं मला आत्याच भेटत गेली. बांगलादेशात १९७० च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. १९९१ ला परत सव्वा लाखाच्या वर, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका खूपच जास्त, कारण निवाऱ्याला जायचं तर नवऱ्याला विचारायचं, साडीत मुलांना घेऊन पळायचं, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची. आता तिथं किनाऱ्यावर सत्तर हजारांवर स्वयंसेवक आहेत, भोंगा घेऊन, झेंडे लावून दारोदार फिरणारे, आणि त्यात निम्म्या बायका. २०२० ला अम्फान आलं तेव्हा वीस लाखांवर लोक हलवले, आणि मेलेल्यांची संख्या तीसच्या आत राहिली. देश तोच, समुद्र तोच, अजूनही गरीबच. नेपाळमधे २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, पण काठमांडू खोऱ्यात ज्या शाळांच्या इमारती आधीच मजबूत करून घेतल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. त्या करताना गावातल्याच गवंड्यांना शिकवलं होतं. शनिवार होता, तिकडं शाळेला सुट्टी, मुलं नव्हतीच आत. तरी मी त्या शाळांचे फोटो बघत बसते.

तर परत आमच्या घराकडं. मार्चमधे परीक्षा संपल्या आणि मी गावाला गेले. आत्या आता अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेत, पण जीभ आणि नजर दोन्ही तशाच. मला म्हणाली, बाई माझे, घर पाडू दे त्याला, मला दगडाचा काही मोह नाही, गळतंय, साप निघतोय. पण ह्यानं जे काढलंय ते पुढनं उघडं आणि मागनं जड आहे, हललं की गरकन फिरंल. तिनं हातानं करून दाखवलं, एक हात घट्ट, दुसरा सैल.

मी तो नकाशा पुण्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअर मैत्रिणीला पाठवला. तिनं बघून जे सांगितलं ते शब्द वेगळे असले तरी हेच होतं. पुढं चार पिलर आणि मागं विटांच्या भिंती असलं मिश्रण करू नका, सगळीकडं पिलर घ्या, खाली जोत्याला बीम फिरवा, दारांवरची लिंटल तुटक न ठेवता सगळीकडून सलग घ्या, म्हणजे आत्याचा पट्टाच. आणि पुढं दोन्ही शटर उघडी ठेवून तिथं एकही भिंत नाही असं करू नका. कच्छच्या भूकंपात अहमदाबाद दोनशेहून जास्त किलोमीटर लांब होतं, तरी खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेल्या इमारती खाली बसल्या, शेकडो माणसं मेली.

आत्येभावाला हे पटवताना मी थकले. तो वाईट मुलगा नाही, आईवर जीव आहे. पण त्याचं म्हणणं, अक्का, गावात एवढी घरं झाली, सगळ्यांनी असंच केलंय, कुणाचं पडलंय? मग २०२४ च्या जुलैत हिंगोलीला ४.५ चा झाला, मार्चमधे पण झाला होता, नांदेड-परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले, ते मी त्याला आठवून दिलं. त्याच्या ग्रुपवर तेव्हा शंभर मेसेज आले होते. म्हणाला हां, आठवतंय, दोन दिवस सगळे तेच बोलत होते. आणि तिसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी काही नाही. पण ह्यात मी त्याला एकट्याला दोष कसा देऊ, त्या टिकल्या आम्ही त्याला मोजायला शिकवल्या, सांगितलं काहीच नाही.

गावात फिरून बघितलं. तीस-एक वर्षांत आमच्या गावातला दगड जवळजवळ संपलाय आणि त्याच्या जागी जे आलंय ते बघून पोटात गोळा येतो. नऊ इंची पिलर, त्यात बारीक सळई, सळयांभोवतीच्या रिंगा एकमेकींपासून वीत-वीतभर लांब. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. काँक्रीट ओतल्यावर सात-आठ दिवस तरी त्याला ओलं ठेवावं लागतं, गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर ते आतून कच्चंच राहतं, वरनं कितीही टणक दिसो. आणि आमच्याकडं बांधकामं होतात उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, जेव्हा प्यायचं पाणी टँकरनं येतं. २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्यांचे स्लॅब ओतले गेले त्यांना कुणी आणि कुठलं पाणी मारलं असेल? दुष्काळ वेगळा आणि भूकंप वेगळा असं आपण सरकारी फायलीत करतो, मीसुद्धा धडे वेगळे शिकवते, पण गावात ते एकाच पिलरमधे येऊन भेटतात.

शेवटी चाळीसेक हजारांचा जास्तीचा खर्च निघाला, सगळे पिलर आणि सलग पट्टा धरून. आत्यानं तिच्या पाटल्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या. तो रडला. पाटल्या परत तिच्या हातात घातल्या आणि म्हणाला करतो, पिलर सगळीकडं घेतो. शटरबद्दल काही बोलला नाही.

जुनी भिंत पाडायला जेसीबी आला त्या दिवशी मी तिथंच होते. मुद्दाम थांबले, त्या वासाला घाबरत होते तरी. जिथं टिकल्या नव्हत्या, मागची गोठ्याची भिंत, ती एका धक्क्यात मातीसारखी सांडली. आतली खोली मात्र पडेना. ड्रायव्हर दोन-तीनदा मागं-पुढं झाला, मग बकेट वरून घालून पट्टाच आधी तोडला तेव्हा कुठं भिंत खाली आली, आणि आली तीसुद्धा मोठमोठ्या तुकड्यांत, दोन्ही पाख एकमेकांना धरून. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला कुणी बांधली ही, लई चिवट आहे. आत्या लिंबाखाली खुर्चीत बसली होती. ती काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसलं फक्त.

आता पायाचं काम झालंय, पिलरच्या सळया बांधायला सुरुवात झालीय. मिस्त्री तरुण आहे, बाहेरून आलेला, हाताला चांगला. पहिल्या दिवशी त्यानं आत्याला बघून मावशी तुम्ही सावलीत बसा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत गेली आणि दोन रिंगांच्या मधे मूठ घालून बघितली. मूठ घालून वर अजून जागा उरली. "खाली आणि वर, जिथं पिलर बीमला लागतो तिथं एका मुठीएवढंच अंतर," म्हणाली. मग रिंगेचं टोक धरलं, ते नुसतं काटकोनात वाकवलेलं होतं. "हे आत वळव, काँक्रीटच्या पोटात. असं सरळ ठेवलास तर हललं की उघडंल, साडीची पिन उघडते तसं." तो म्हणाला मावशी, असं कुणीच करत नाही, टाईम जातो. आत्या म्हणाली, माझ्याकडं टाईम आहे, मी बसते, तू कर.

रिंगा त्यानं परत वाकवल्या. आत्येभावानं व्हिडिओ पाठवला, त्यात आत्याचा आवाज मागं ऐकू येतो, मोजतेय.

परवा तिचा मला फोन आला, म्हणाली तुझ्या त्या मैत्रिणीनं सांगितलेलं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत काढून पाठव, चित्रासकट, मला मिस्त्रीजवळ ठेवायचंय, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. रात्री बसून काढलं. पिलर, रिंग, आत वळवलेलं टोक, जोत्याचा बीम, सलग पट्टा, आणि खाली पाणी किती दिवस मारायचं ते. वर्गात फळ्यावर इतकी वर्षं चित्रं काढते पण हे काढताना हात थरथरत होता, तीनदा कागद बदलला. गावात पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतोय, त्यातले दोन ड्रम पिलरसाठी बाजूला काढायचे असं आत्यानं सुनेशी ठरवलंय, भांडी त्या दिवशी राखेनं घासायची.

कागदाच्या तळाशी मी पुढच्या बाजूचं चित्र काढलं, एकच शटर आणि शेजारी भरीव भिंत, आणि ते आत्येभावाला वेगळं पाठवलं. दोन निळ्या टिका आल्यात. दुकान भाड्यानं दिलं तर दोन शटरचे दुप्पट पैसे येतात, पोरीच्या शाळेची फी त्यातनं निघेल, हे त्यानं मला आधीच सांगितलंय आणि त्यात काही खोटं नाही. शटर एक की दोन, हे अजून ठरलेलं नाही.